दावं

माझे व्याही मला पहिल्यापासून आवडले नव्हते, हे आधी लिहून ठेवते. पुढे मी त्यांच्या बाजूनं बोलणार आहे, म्हणून मी त्यांच्यातलीच होते असं समजायचं कारण नाही. मला त्यांचा राग यायचा. नंतर जो राग आला तो दुसऱ्यांचा आला, आणि तो अजून उतरत नाही.

अमेरिकेत अर्विंगला लेकीच्या घरी मी बाळंतपणासाठी गेले होते. आमचे हे दुकान सोडून येणार नव्हते, म्हणून एकटीच गेले. तर जावयानं त्याच वेळी आपल्या वडिलांनाही बोलावून घेतलं. त्यांची बायको वारलेली, गावी एकटेच, हे मला कळत होतं. पण विहीण आणि व्याही एका छपराखाली सहा महिने? आमच्याकडे असं कुणी करत नाही. लेकीला म्हटलं, तर ती म्हणाली, "आई, इथे तसं काही नसतं गं. ॲडजस्ट होईल."

ॲडजस्ट व्हायचं होतं ते मला.

व्याही कराडकडचे. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, खोड्यात अडकवलेल्या बैलाची शिंगं धरून उभं राहायचं. अशाच एका बैलानं त्यांच्या गुडघ्यावर लाथ मारली होती, तेव्हापासून ते एक पाय ओढत चालायचे. सगळा जन्म जनावरांत गेल्यामुळे त्यांना माणसं जनावरांसारखीच दिसायची. सकाळी फ्रीजमधला दुधाचा डबा काढून हुंगायचे आणि म्हणायचे, "ह्या गाईला ताप हाय." रोज. दूध कोणतंही आणा, गाईला तापच.

घरात पाऊल टाकलं त्या दिवशी चपला काढायच्या आधी त्यांनी नातीला समोर उभं केलं. हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, दात बघितले, पाठीवरून कंबरेपर्यंत हात फिरवला, मग खाली बसून पायाची बोटं तपासली. पोर साडेचार वर्षांची. त्यांना तिनं फक्त फोटोत बघितलेलं. मला वाटलं, आता ही रडून घर डोक्यावर घेणार.

"जात चांगली हाय," व्याही म्हणाले. "चारा कमी पडतुया."

पोरीनं पुन्हा आ वासला आणि म्हणाली, "अगेन!"

मी आले होते तेव्हा हीच पोर आईच्या पायामागे लपली होती. मी बेसनाचे लाडू घेऊन गेले होते, त्यातला एक तिनं हातात धरला आणि सोफ्याच्या फटीत घातला. आणि ह्या माणसाच्या खिशातले फुटाणे, ज्यांना तंबाखूची पूड चिकटलेली असायची, ते ती मागून मागून खायची. राग येणार नाही तर काय?

तिचं नाव रिया. ते नाव व्याह्यांनी एकदाही घेतलं नाही. "रिया ही काय हाक हाय? रानात मारली तर बांधाच्या पल्याडबी जायाची न्हाई." ते तिला कालवड म्हणायचे. तिनं मला विचारलं, कालवड म्हणजे काय? मी सांगितलं, गाईची पोर. तर ती घरभर ओरडत सुटली, "आय ॲम अ काउ! आय ॲम अ काउ!" लेक दमलेली होती, पोटात बाळ, ती म्हणाली, "आप्पा, तिला प्लीज असं काही शिकवू नका, ती स्कूलमध्ये जाऊन सांगते."

"सांगू दे की. मास्तरीण गाय न्हाई व्हय कुणाची?"

जावई हसला. तेव्हा तो हसत होता, हेही लिहून ठेवते.

एकदा ते पोरीच्या पाठोपाठ संडासात गेले आणि तिनं केलेलं वाकून बघू लागले. लेक किंचाळलीच. "आप्पा, शी! ती माणूस आहे!"

"माणूसबी जनावरच. शेपूट गळालंय एवढंच. शेण बघितल्याबिगार दुखणं कळतंय व्हय?"

मला परक्या पुरुषासमोर बोलता येत नाही. व्याह्यांसमोर तर नाहीच नाही. ते हॉलमध्ये आले की मी पदर सारखा करून स्वयंपाकघरात जायची. त्यांनाही रीत माहीत होती, ते माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. भिंतीकडे बघून बोलायचे. पण तो घरभर एकच मोठा हॉल, स्वयंपाकघराला भिंतच नाही. मग त्यांनी पोरीला मधे घेतलं.

"कालवडे, विहीणबाईस्नी जाऊन सांग, च्या लई ग्वाड झालाय म्हणावं. व्यालेल्या म्हशीला पाजत्यात तसला."

पोर चार पावलं चालून माझ्याकडे यायची. "आजी, आजोबा सेज, टी इज फॉर बफेलो."

"मराठीत सांग," मी म्हणायची.

"चहा… म्हशीचा."

"त्यांना म्हणावं, म्हशीच्या डॉक्टरला तसाच मिळणार."

चार पावलं परत. "आजी म्हणते, म्हशीच्या डॉक्टरला तसाच." की व्याही खोकला येईपर्यंत हसायचे.

त्या पोरीच्या तोंडून मी जे बोलले, ते जन्मात कुठल्या पुरुषाला बोलले नव्हते. आणि लेक-जावई दोन वर्षं पैसे भरून तिला रविवारच्या मराठी शाळेत पाठवत होते, तिथे तिला "माझे नाव रिया आहे" एवढंच येत होतं. ती आमच्या दोघांच्या भांडणातून मराठी बोलायला लागली. निरोप बदलायची नाही, हा तिचा एक मोठा गुण होता. ऐकलं तसं पोचवायची. शब्द अडला तर इंग्रजी घालायची, पण आपल्या पदरचं काही नाही.

मग बाळ झालं. मुलगा. घर सगळं त्याच्याभोवती. पोर आईकडे गेली की आई म्हणायची, "नॉट नाऊ, रिया." बापाकडे गेली की, "लेटर, बेटा, मीटिंग आहे." मी बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होते तर ती आली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी हात उगारला.

"कुणी हात टाकायचा न्हाई म्हणावं," व्याही भिंतीला म्हणाले. "नव्या वासराला म्होरं घेतलं की पयलं ढुशी देतंच. त्याचा दोष न्हाई."

त्यांनी तिला उचलून नेलं आणि खाली गादीवर पालथं झोपवलं. माझ्या लेकीचा जाड दातांचा कंगवा घेतला आणि फ्रॉकवरूनच तिच्या पाठीला खरारा करू लागले. मानेपासून खाली, सावकाश, तोंडानं "हो, हो, हो" करत. पोरीचे हुंदके चालले होते ते थांबले. डोळे मिटले. तिला वाफेसारखा एक लांब श्वास सुटला, तो मला पलीकडे ऐकू आला.

त्या दिवसापासून ती त्यांची झाली. मी मनगटाला हळद लावून बसले. मला काय वाटलं ते मला माहीत.

बिल्डिंगच्या मागे तळं होतं, बदकं असायची. तळ्याला कठडा नाही. पलीकडून मोटारींचा रस्ता. पोर वाऱ्यासारखी पळायची आणि व्याह्यांचा पाय तो असा. एकदा ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि हे मागे नुसतेच ओरडत राहिले. वर आले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीची एक जुनी ओढणी मागितली, माझ्याकडूनच, पोरीच्या तोंडून. तिचं एक टोक पोरीच्या कंबरेला सैल बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला.

"हे काय?" पोरीनं विचारलं.

"दावं. गुरं बांधत्यात ते. आता तू पळ कुठं पळायची ती."

ती पळायची आणि हे तिच्या मागे एक पाय ओढत जायचे. ती बदकाकडे वळली की हे वळायचे, ती बसली की हे बसायचे. मी वरून खिडकीतून बघायची. रोज चार वाजले की पोर ओढणी हातात घेऊन दाराशी उभी. "आजोबा, दावं!" तो शब्द तिला कुणी पाठ करायला लावला नव्हता. खूप दंगा करायला लागली की ते म्हणायचे, "गप ऱ्हा, न्हाईतर कातडं सोलीन तुजं." त्यावर ती खिदळायची आणि आपला दंड पुढे करायची, सोला म्हणून.

आता कातडं सोलीन हे आमच्याकडे कोण म्हणत नाही? माझा बाप म्हणायचा. जावयालाही लहानपणी हजार वेळा म्हटलं असेल. त्याचं कातडं शाबूत आहे.

व्याही डोक्याला टॉवेल गुंडाळायचे. जावई सांगायचा, "आप्पा, ते डोक्याचं काढून जात जा खाली. आजकाल लोक इथे वेगळा अर्थ काढतात. दोन वर्षांपूर्वी विमानं घालून ते टॉवर पाडले, माहितीये ना?"

"मी केलं व्हय ते?"

"तसं नाही ओ…"

"मग डोकं काय उगडं टाकू? ऊन काय थोडं हाय?"

तर डोक्याला टॉवेल, दाढी वाढलेली, आणि हातातल्या फडक्याला बांधलेली लहान मुलगी. कुणीतरी बघितलं आणि फोन केला. कुणी ते आम्हाला कळलं नाही. फोन करणाऱ्याचा मला राग नाही. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. त्याला मराठी येत नव्हतं.

मी खिडकीतून पोलिसाची गाडी बघितली आणि बाळाला घेऊन तशीच खाली धावले. लेक ओल्या केसांनी माझ्या मागून आली. पोलीस तरुण होता, वागायला वाईट नव्हता. पोरीसमोर उकिडवा बसून तिला विचारत होता. ती काय बोलली ते मी नंतर लेकीला खोदून खोदून विचारलं, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे.

हे कोण? "माय आजोबा." हे काय बांधलंय? "इट्स माय दावं." का बांधतात तुला? "बिकॉज आय ॲम हिज काउ." आणि तू ऐकलं नाहीस तर? पोर हसत हसत म्हणाली, "देन ही विल पील ऑफ माय स्किन."

काहीही खोटं बोलली नाही. ऐकलं तसं पोचवलं.

पोलिसाचा चेहरा बदलला तो मला कळला, भाषा कळायची गरज नव्हती. व्याही हात जोडून उभे होते आणि म्हणत होते, "नात हाय सायेब, नात." माझी लेक तिथे होती. एम.सी.ए. झालेली. दिवसभर फोनवर गोऱ्यांशी खटाखट बोलणारी. दोन वाक्यांत सांगता आलं असतं की आमच्यात लाडानं असं म्हणतात, ह्यांचा पाय अधू आहे, तळ्याला कठडा नाही. ती नुसती म्हणत राहिली, "सॉरी. आय ॲम सो सॉरी. सॉरी." एवढं इंग्रजी शिकवलं ते सॉरी म्हणायला?

पोलीस नाव-पत्ता घेऊन गेला. मुलांचं बघणाऱ्या सरकारी खात्यातल्या एक बाई घरी येऊन बघून जातील म्हणाला. ती बाई यायची होती तोपर्यंत घरात नुसती कुजबूज. जावयाचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. "माझी फाइल चालू आहे, आई, तुम्हाला कळत नाही, काहीही होऊ शकतं." ओढणी कचऱ्यात गेली. व्याह्यांनी पोरीला खाली न्यायचं नाही असं ठरलं. चार वाजले की ती दाराशी जायची, आणि लेक तिला टीव्ही लावून द्यायची.

व्याही म्हणाले, "मी बोलतो की त्या बाईशी. इचार म्हणावं काय इचारायचं ते. तू फकस्त हिकडचं तिकडं कर."

"आप्पा, तुम्ही मधे पडू नका. प्लीज. मी हँडल करतो."

बाई आली त्या दिवशी व्याह्यांना आतल्या खोलीत बसवलं. दार लावलं. मी ओट्यापाशी. बाई लठ्ठ होती, हसरी होती, पोरीशी खाली बसून खेळली, फ्रीज उघडून बघितला, बाळाच्या गालाला बोट लावलं. जावई पुढे वाकून, हात चोळत बोलत होता. पोर सोफ्यावर बापाच्या शेजारीच बसली होती. मग बाई उठली आणि जावई तिला गाडीपर्यंत सोडायला गेला.

व्याही बाहेर आले. लेकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघण्याची रीत नव्हती. पोरीला म्हणाले, "काय ठरलं गं कालवडे पंचायतीत? काय म्हणाला तुजा बाप?"

आणि पोर चार पावलं चालत त्यांच्यापाशी गेली. रोजच्यासारखी.

"डॅडी म्हणाले, आजोबांच्या डोक्यात आजार आहे. आजोबांना… आजोबांना काय करतात ते कळत नाही. आजोबा घरी जाणार. फ्रायडेला."

"रिया! स्टॉप इट!" लेक ओरडली. पण निरोप पोचला होता. सगळा मराठीत. डॅडी सोडलं तर एकच शब्द इंग्रजी. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, नीट सांगितलं ना, म्हणून.

व्याही खुर्चीत बसले. गुडघा चोळला. म्हणाले, "बरोबर हाय. डोकं फिरलेलं जनावर कळपात ठेवत न्हाईत." मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं सांगितलंस. समदं कळलं."

जावई आला तेव्हा ते बॅग काढत होते. तो दारातच थांबला. "आप्पा, ऐका ना. मला तसं म्हणायचं नव्हतं. त्यांना पटेल असं काहीतरी सांगावं लागतं…"

"तू इंग्रजीत बोललास बाबा," व्याही म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं?"

शुक्रवारी पोर शाळेत असताना त्यांना विमानतळावर नेलं. वेळ मुद्दाम तशी निवडली होती. जाताना ते भिंतीकडे बघून म्हणाले, "पोरीच्या पाठीवरनं हात फिरवत जावा म्हणावं." मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं. मी मान हलवली. त्यांना दिसली की नाही, माहीत नाही.

मी कंगवा घेऊन बसले, तर ती म्हणाली, "यू डोन्ट नो हाउ." मला येत नव्हतंच.

नंतर रविवारी फोन असायचा. जावई फोन स्पीकरवर टाकायचा आणि दुसऱ्या खोलीत जायचा. पोर फोनला तोंड लावून विचारायची, "आजोबा, डोकं बरं झालं?"

"व्हतंय की. व्हतंय बरं."

"मग कधी येणार?"

"बरं झालं की."

म्हणजे ह्या माणसानं मुलाची अब्रू राखण्यासाठी स्वतःचं वेड मान्य केलं. दर रविवारी. आपल्या नातीपुढे. मी ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत ते ऐकायची. एका रविवारी मी लेकीला म्हटलं, त्या बाईनं म्हाताऱ्याला घालवा असं सांगितलं होतं का गं? ती पोळीला तूप लावत होती. म्हणाली, "नाही गं. ती तर उलट म्हणत होती, इथे दुकानात तसे पट्टे मिळतात, लहान मुलांसाठी, ओढणीपेक्षा ते वापरा. पण ह्यांना रिस्क घ्यायची नव्हती."

तसे पट्टे मिळतात.

मी पुढे एका मॉलमध्ये तसा एक बघितलासुद्धा. गोरी आई, पोराच्या पाठीवर कापडी माकड, माकडाची लांब शेपटी आईच्या हातात. लोक बघून हसत होते, गोड म्हणत होते. मी लेकीचा दंड धरून तिला तिकडे वळवलं. "बघ," म्हटलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "आई, प्लीज. सोड ना आता."

कसं सोडू? भ्यायला मीही भिते. जन्मभर भीतच आले. भ्यायलेला माणूस गप्प बसतो, हे मला समजतं. पण बापाला वेडा ठरवायला भीती लागत नाही, त्याला वेगळं काहीतरी लागतं. आणि तेही पोटच्या पोरीसमोर, जिला निरोप बदलता येत नाही हे सगळ्या घराला माहीत होतं.

माझे सहा महिने भरत आले तेव्हा जावई जेवताना म्हणाला, "आई, तुम्ही एक्स्टेन्शन घ्या ना. अजून सहा महिने. बाळ लहान आहे, हिचं ऑफिस सुरू होतंय. रियालाही तुमची सवय झालीये."

मी त्याच्या ताटात आमटी वाढत होते. जावयाशी मी आजवर मान वर करून बोलले नव्हते.

"नाही," म्हटलं. "मीही जुन्या वळणाची बाई आहे. माझ्याही तोंडून काहीबाही जातं. उद्या पोरीनं ते कुठे सांगितलं, तर मलाही वेडी ठरवावं लागेल तुम्हाला. एका घरात किती वेडे दाखवणार?"

लेक रडायला लागली. "आई, काय बोलतेस हे?" जावई ताटावरून उठला, हात धुतला, आत गेला. बाळाला सोडून जायचं माझ्याही जिवावर आलं होतं. तरी बोलले ते बोलले.

मी बाळाचे कपडे घडी घालत बसले होते. पोर जवळ येऊन उभी राहिली.

"आजी, तू पण जाणार? आर यू सिक टू?"

"नाही गं बाई. माझं डोकं चांगलं आहे. तुझ्या आजोबांचंही चांगलंच होतं. त्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं."

तिनं विचारलं, "देन व्हाय?"

"ते मला नको विचारू," मी म्हटलं. "तुझा डॅडी आत बसलाय. त्याला विचार."

ती आत गेली. मी हातातलं झबलं मांडीवर ठेवलं आणि कान देऊन बसले. तिनं विचारलेलं मला ऐकू आलं, अगदी स्वच्छ, मराठीत. मग तिनं पुन्हा विचारलं.